राऊच्या पुढे, उजव्या हाताला: सायकल शर्यतीच्या वाटेवरची एक झांकी (प्रकरण अभ्यास)

परिस्थिती

जानेवारीचा शेवटचा रविवार. इंदूरची एक हौशी सायकल शर्यत सकाळी ७ वाजता सुपर कॉरिडॉरवरून सुटणार, राऊ ओलांडून महूच्या बाजूला जाणार आणि वळसा घालून परत येणार. अंतर ७० किलोमीटर, स्वार साधारण ३००. २७व्या किलोमीटरला नैऋत्येकडे जाणारा, दुभाजक नसलेला एक जोडरस्ता लागतो. तिथे थोडा चढ आहे आणि रस्त्याला लागून नुकताच बटाटा काढलेलं काळं रान आहे. राजेंद्रनगर भागातल्या एका मराठी मंडळाला या जागी काहीतरी असं करायचं आहे, की शर्यतीच्या चित्रफितीत ते दिसलंच पाहिजे. मंडळाच्या वाचनालयाचे सभासद रोडावले आहेत. निदान नाव तरी कानावर जावं, एवढाच हेतू. हाताशी ४० माणसं, ३ आठवडे, गणपतीच्या मांडवाचं सामान आणि एक लेझीम पथक.

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेलं आहे, म्हणून मंडळाला, शर्यतीला आणि शेतमालकाला नावं दिलेली नाहीत. माती, ऊन, वारा आणि आकडेमोड मात्र या पट्ट्याला लागू पडणारी आहे.

अशी हौस नवी नाही. टूर दी फ्रान्समध्ये जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा १९३० पासून स्वारांच्या पुढे चालतो. तिथले शेतकरी रानात अवाढव्य सायकली रेखतात आणि ट्रॅक्टर गोल फिरवून त्यांची चाकं ‘चालवतात’. २०१४ च्या जुलैत टूरची सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये झाली, तेव्हा गावोगावी रस्त्याकडेला पिवळ्या रंगवलेल्या सायकली टांगल्या गेल्या. आपल्याकडे २०२६ च्या जानेवारीत यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या) २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची पुणे ग्रँड टूर झाली आणि रस्त्यावरची सायकल शर्यत बघायला उभं राहायचं असतं, हे बऱ्याच जणांना नव्याने कळलं. मंडळाच्या पहिल्या बैठकीत साहजिकच फ्रान्सच्या शेतांचे फोटो फिरतात. गडबड तिथूनच सुरू होते.

पहिला विचार: रस्त्यावर रांगोळी

मराठी मंडळ म्हटल्यावर ही सूचना येणारच, आणि ती पहिल्याच बैठकीत बाद झाली पाहिजे. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. शर्यतीच्या सायकलचा टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो आणि डांबराला त्याचा अंगठ्याएवढा भाग टेकलेला असतो. मध्ये भुकटी आली की पकड सुटते. सरळ रस्त्यावर एखादा स्वार निभावून नेईल, पण घोळक्यात एकाने ब्रेक दाबला की मागचे दहा जण त्याच्यावर येतात. झेंडूच्या पाकळ्या चिरडल्या की निसरड्या होतात. फुलांच्या माळेचा दोरा मागच्या चाकाच्या दातऱ्यांत गुंतला, तर तो सोडवायला चाक काढावं लागतं. गुलालाचं तर नावच नको. इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, तो शोभतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने, तोंड उघडं टाकून श्वास घेणाऱ्या माणसाच्या घशात नाही.

रांगोळी काढायचीच असेल, तर शेताच्या बांधावर, सारवलेल्या पट्ट्यात काढावी. रस्ता जसा आहे तसा राहिला पाहिजे, किंबहुना आदल्या दिवशी आणखी स्वच्छ झाला पाहिजे. जानेवारीत याला एक खास कारण आहे. संक्रांतीला कटलेल्या पतंगांचा मांजा झाडांवर आणि तारांवर लोंबत राहतो आणि तो बरोबर स्वाराच्या गळ्याच्या उंचीवर येतो. मंडळाच्या चार मुलांनी आकडीची काठी घेऊन जागेच्या अलीकडचं आणि पलीकडचं अर्धा किलोमीटर पिंजून काढावं. शर्यतीच्या आयोजकांना भेटायला जाताना ‘हे काम आम्ही करू’ असं सांगितलं, की पुढचं बोलणं सोपं होतं.

दुसरा विचार: रानात चित्र

हा मात्र मोहात पाडणारा आहे. काळी माती आणि तिच्यावर पांढऱ्या रेषा. फ्रान्समधल्या हिरव्या कुरणापेक्षाही उठाव जास्त. ५० मीटर लांबीची सायकल, २० मीटर व्यासाची दोन चाकं. मध्ये खुंटी ठोकून १० मीटरचा दोर फिरवला की चाक तयार. दोन्ही चाकांचा परीघ मिळून १२६ मीटर आणि सांगाड्याच्या रेषा ७० मीटर. रेषेची रुंदी ६० सेंटिमीटर धरली तर जवळजवळ १२० चौरस मीटर भरायचे. पाटा फिरवून ढेकळं मोडलेल्या जमिनीवर चौरस मीटरला किमान अर्धा किलो फक्की लागते, म्हणजे ६० किलो. ढेकळं तशीच राहिली तर याच्या दुप्पटही पुरत नाही, कारण फक्की फटींत उतरते आणि वर काळंच दिसतं.

इथे शेतमालक हात आडवा करतो: “भिया, चूना मत डालना.” त्याचं बरोबर आहे. माळव्यातली काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिला आणखी चुना कशाला? शिवाय कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. यावर तोड म्हणजे मांडवाचं पांढरं कापड. त्याच्या ६० सेंटिमीटरच्या पट्ट्या करून दर दीड मीटरला बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. मावठा (हिवाळ्यातला अवकाळी पाऊस) आला तर फक्की एका रात्रीत धुऊन जाते. कापड चिखलाने माखतं, पण झटकून पुन्हा पसरता येतं.

एवढं सगळं जमलं तरी हे चित्र इथे करू नये. अडचण सामानाची नाही, नजरेची आहे. रस्त्यावर उभ्या माणसाचे डोळे १.६ मीटर उंचीवर असतात. २० मीटरचं चाक रस्त्यापासून ५० ते ७० मीटरच्या अंतरात आखलं, तर त्याची रुंदी नजरेत १९ अंश भरते आणि खोली जेमतेम अर्धा अंश. पौर्णिमेचा चंद्र आकाशात तेवढाच असतो. म्हणजे रस्त्यावरून दिसणार एक आडवी पांढरी रेघ. चाक नाही, सायकल नाही. फ्रान्समध्ये ही कला फुलली ती हेलिकॉप्टरमुळे. टूरचं प्रक्षेपण आकाशातून होतं, म्हणून शेतकरी आकाशासाठी चित्र काढतात. आपल्या शर्यतीत एक कॅमेरा पुढच्या मोटरसायकलवर, एक पिकअपमध्ये आणि बाकी सगळे लोकांच्या हातातले मोबाइल.

‘मग आपणच ड्रोन उडवू’ ही पुढची सूचना. ६० मीटर उंचीवरून सगळं चित्र चौकटीत मावतं, हे खरं. पण महू ही लष्करी छावणी आहे आणि दुसऱ्या बाजूला इंदूरचा विमानतळ. विमानतळाभोवती साधारण ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन (परवानगीशिवाय उड्डाण बंद) असतो, त्यापुढे १२ किलोमीटरपर्यंत वेगवेगळी बंधनं. लष्करी जागांची बंधनं याहून वेगळी. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर शेताचा नेमका बिंदू टाकून पाहिल्याशिवाय ड्रोनवाल्याला विसार देऊ नये. आणि परवानगी मिळाली, तरी धावत्या घोळक्याच्या डोक्यावर ड्रोन न्यायचा नाही.

पोस्टर काय, रंग कोणता, घोषणा कोणती, याच्याही आधी ठरवायचं ते हे: बघणारा डोळा कुठे आहे? इथे तो जमिनीपासून दीड मीटरवर आहे, मोटरसायकलवर उलटा तोंड करून बसलेला आहे आणि ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने दूर चालला आहे. त्याला उभी वस्तू लागते, आणि ती हलती असेल तर उत्तम.

ठरलं ते: फिरत्या चाकांची उभी सायकल

इंदूरच्या मराठी मंडळाला हलती वस्तू कुणी शिकवायला नको. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले हलते देखावे) बघत वाढलेली माणसं इथे आहेत. बेअरिंग, पट्टा आणि पुली त्यांच्या हातातली. तीच विद्या इथे वापरायची, फक्त मोटर आणि जनरेटर वगळायचे. चाकं माणसांनी पेडल मारून फिरवायची. सायकल शर्यतीला सायकलनेच दिलेली सलामी कॅमेरावाल्याला आवडते आणि वीज बंद पडायची भीतीही राहत नाही.

मापं अशी. चाकाचा व्यास ३.५ मीटर. खऱ्या सायकलमध्ये दोन आसांतलं अंतर चाकाच्या व्यासाच्या दीडपट असतं, म्हणून इथे ५.३ मीटर. ते कमी केलं की वस्तू तीनचाकीसारखी दिसते. एकूण लांबी ८.८ मीटर, सीट आणि हँडल सुमारे ५ मीटर उंचीवर. आस जमिनीपासून २ मीटरवर, म्हणजे चाकाखाली २५ सेंटिमीटर मोकळी राहते.

चाकाची धाव शेतात वापरतात त्या ३२ मिलिमीटरच्या काळ्या पाइपची. एक नाही, दोन पाइप शेजारी शेजारी बांधायचे. त्यांच्यामधल्या खाचेत दोर बसतो. एकाच पाइपवरून दोर घसरून खाली येतो आणि पहिल्या तालमीत हमखास हेच घडतं. दर चाकाला २२ मीटर पाइप. आरे म्हणून ३.५ मीटरचे ४ बांबू, मध्यावर एकमेकांवर आडवे टाकलेले, म्हणजे ८ आरे होतात. मध्यभागी १२ मिलिमीटर प्लायच्या ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, त्यांच्यात बांबू दाबून बोल्ट. आस २५ मिलिमीटरच्या सळईचा आणि त्याला दोन्हीकडे यूसीपी २०५ मापाचे प्लमर ब्लॉक (बेअरिंगच्या बैठका). जुन्या सायकलचं हब इथे चालेल असं कुणीतरी म्हणतंच. २० किलोचं चाक त्यावर दहा मिनिटांत डुगडुगायला लागतं. पाइपला बांबू बांधताना तारेची गाठ नेहमी आतल्या बाजूला ठेवायची, नाहीतर दोर दर फेरीला उडी मारतो.

फिरवण्यासाठी प्रत्येक चाकामागे एक साधी सायकल दुहेरी स्टँडवर, आसापासून साडेतीन मीटरवर. तिच्या मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढायचा आणि उघड्या रिमवरून मोठ्या चाकावर १२ मिलिमीटरचा दोर घ्यायचा. दोर सुमारे १४ मीटर लागतो. त्याची टोकं गाठ मारून जोडायची नाहीत, पीळ उलगडून एकमेकांत विणायची. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर मिनिटाला ४० पेडलांत मोठं चाक १७-१८ फेरे घेतं. एवढा वेग पुरतो. त्याहून जास्त झाला की सांगाडा हादरतो. पहाटेच्या दवाने नायलॉनचा दोर पाइपवर घसरतो. त्यासाठी खाचेत जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवायची आणि स्टँड १० सेंटिमीटर मागे सरकवता येईल अशी जागा ठेवायची, म्हणजे दोर ताणता येतो. आठही आरे सारखे दिसले तर लांबून चाक फिरतंय हे कळत नाही. शेजारच्या दोन आऱ्यांना झेंडूच्या माळा गच्च गुंडाळल्या की काम भागतं.

नऊवारीतल्या बायकांनी पेडल मारायचं ठरलं तर कासोटा सोयीचाच आहे. सांभाळायचा तो पदर. तो कमरेला खोचून पिन लावल्याशिवाय कुठल्याही काकूंना सायकलवर बसू देऊ नये. दोर बोट ओढून नेतो, म्हणून दोराच्या बाजूला गुडघ्याएवढी जाळी हवीच.

वारा आणि माती

चाकावर गोल फ्लेक्स ताणून त्यावर मंडळाचं नाव छापायची कल्पना कुणाला तरी सुचणार. ३.५ मीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ ९.६ चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरच्या झोतात तिच्यावर सुमारे ८५ किलोचा रेटा येतो. उघड्या आऱ्यांवर त्याचा किरकोळ भागच येतो. म्हणून चाकं उघडीच. सीटवर घोड्यावर बसल्यासारखी मोठी बाहुली बसवायची हौसही याच कारणासाठी आवरावी. वजन आणि वारा दोन्ही सर्वांत वर जातात.

काळी माती कोरडी असताना दगड आणि भिजली की लोणी. सायकलचा सांगाडा ज्यांवर उभा राहतो त्या बल्ल्यांचे (लाकडी खांबांचे) खड्डे ७५ सेंटिमीटर खोल घ्यावेत आणि तीच माती परत न टाकता मुरूम टाकून धुमसानं ठोकावा. मावठा होऊन गेला तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक बल्ली हलवून पाहावी. ताणाचे दोर तिन्ही बाजूंना, पण एकही रस्त्याच्या दिशेने बाहेर जाणारा नको. वस्तू ५ मीटर उंच आहे, तेव्हा ती डांबराच्या कडेपासून १० मीटर आत. उलटली तरी रस्त्यावर येता कामा नये, हे गणित बैठकीत बोलून दाखवावं. पोलीस हाच प्रश्न आधी विचारतात.

विजेच्या खांबांना काहीही बांधायचं नाही. यॉर्कशायरच्या मॅशम गावात लोकांनी लोकरीच्या चिमुकल्या जर्सी विणून त्यांची तोरणं दिव्याच्या खांबांना लावली होती. पावसात लोकर भिजून जड होईल आणि खांब तो भार पेलणार नाहीत, या भीतीने प्रशासनाने ती उतरवायला सांगितली. आपल्याकडच्या पताकांना वजन नसतं, पण त्यांचा दोर तुटला की तो थेट रस्त्यावर पडतो.

बाजू आणि तोंड

जागा रस्त्याच्या उजव्या हाताला घ्यावी. रस्ता नैऋत्येकडे जातो, म्हणजे उजवीकडे वायव्य. जानेवारीअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेआठला तो आग्नेयेकडे थोडासाच वर असतो. उजवीकडच्या वस्तूवर समोरून ऊन पडतं. डावीकडे ठेवली तर काळी आकृती उरते. शिवाय स्वार डावीकडून जातात, तेव्हा मधलं अंतरही वाढतं.

तोंड कुठे करायचं, यावर वाद होतो. सगळ्यांना वाटतं, येणाऱ्या स्वारांकडे. पण चित्रीकरण करणारी मोटरसायकल पुढे असते आणि कॅमेरा मागे वळलेला. ती झांकी ओलांडून गेल्यावरच चौकटीत स्वार पुढे आणि झांकी मागे, असं दृश्य मिळतं. ३० मीटर पुढून पाहिलं तर रस्त्याला समांतर ठेवलेली ८.८ मीटरची सायकल पावणेतीन मीटरची भासते. तीच ३० अंश वळवून, स्वार ज्या दिशेने जाणार त्या बाजूला तोंड केलं तर साडेसहा मीटर दिसते. तेव्हा पाठ येणाऱ्यांकडे, तोंड जाणाऱ्यांकडे. शंका असेल त्याला मोटरसायकलवर मागे बसवून मोबाइल हातात द्यावा आणि त्याच वाराला, त्याच वेळी ताशी ३५ किलोमीटरने नेऊन आणावं. पाच सेकंदांची फीत सगळा वाद मिटवते.

अक्षरं कमीत कमी. ६० मीटरवरून उठून दिसायला अक्षर निदान २० सेंटिमीटर लागतं. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार जागा खातात, म्हणून पाटीची पट्टी ३५-४० सेंटिमीटरची धरावी. संस्थेचं लांबलचक नाव, स्थापना वर्ष, अध्यक्षांचा फोटो या गोष्टी पत्रिकेवर ठीक. इथे दोनच शब्द: ‘दमलात? पोहे!’ हिंदी वाचणाऱ्यालाही निदान ‘पोहे’ कळतात, हसू येतं आणि पोह्यांच्या स्टॉलवर वाचनालयाचं नाव आपोआप विचारलं जातं. पाठीमागच्या बाजूला वेगळी पाटी लावावी, नाहीतर आरपार दिसणाऱ्या कापडावर अक्षरं उलटी वाचली जातात.

माणसांचं काय

२६ जून २०२१ ला टूर दी फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक हातातली पाटी टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे धरून, स्वारांकडे पाठ करून रस्त्यात डोकावली. जर्मन स्वार टोनी मार्टिन तिच्यावर आदळला आणि मागचा अर्धा घोळका कोसळला. पुढे न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला. पाटीवर आजी-आजोबांना उद्देशून दोन प्रेमाचे शब्द होते. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. म्हणून नियम असा की हातात धरायची एकही पाटी द्यायची नाही. पाट्या जमिनीत रोवलेल्या असतील. डांबराच्या कडेपासून दीड मीटरवर दोरी, तिच्यामागे लेझीम पथक, मुलं त्याच्याही मागे. दर १० मीटरला एक दादा किंवा ताई, रस्त्याकडे तोंड करून, शिट्टीसह. मोबाइल दोरीच्या पुढे गेला की शिट्टी.

ढोल-ताशा ठेवायचा असेल तर शेजारच्या गोठ्यांची चौकशी आधी करावी. दावं तोडून गाय रस्त्यावर आली तर शर्यतच थांबते. जवळपास दवाखाना किंवा शाळा असेल तर १०० मीटरचं शांतता क्षेत्रही आड येतं. लेझीम त्यापेक्षा बरी. दिसते छान आणि आवाजही बेताचा.

आयोजकांना द्यायच्या पत्रात जागेचा नकाशा, रस्त्यापासूनचं अंतर, उंची, माणसांची संख्या आणि जबाबदार दोघांचे नंबर एवढंच हवं. ‘आंदोलन, निवेदन किंवा पक्षीय मजकूर नाही’ हे वाक्य मुद्दाम घालावं. २०१८ च्या टूरमध्ये सोळाव्या टप्प्यावर शेतकऱ्यांनी गवताचे गठ्ठे रस्त्यावर टाकले. पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर स्वारांच्याच डोळ्यांत गेला आणि शर्यत सुमारे पाव तास थांबली. तेव्हापासून शेतातून रस्त्याकडे काहीही सरकलं की आयोजक दचकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

वेळेचा हिशेब

ताशी ४० किलोमीटरने पहिला घोळका ७:४०ला येतो, ३६ने ७:४५ला. हौशी शर्यतीत शेवटचा स्वार ताशी १८ने येतो, म्हणजे ८:३०ला. चाकं सलग ५० मिनिटं फिरवायची आहेत. एका माणसाला पाच मिनिटं पुरे. दोन सायकलींसाठी बारा जण ठेवले की कुणाला दोनदाच बसावं लागतं. पहिला घोळका आठ-दहा सेकंदांत निघून जातो आणि मग सगळे पोह्यांकडे धावतात. खरी गंमत पुढे असते. मागचे स्वार हळू येतात, चढावर मान वर करतात, हसतात आणि घरी जाऊन फोटो टाकतात. मंडळाचं नाव पसरतं ते बहुतेक यांच्यामुळे.

पोह्यांचा स्टॉल झांकीपासून ५० मीटर मागे, शेतात. प्लास्टिकच्या हलक्या ताटल्या नकोत, वाऱ्याने रस्त्यावर उडतात. स्टीलच्या प्लेट किंवा दोन्यांत द्यावे. प्रत्येक प्लेटबरोबर वाचनालयाची एक चिठ्ठी, पत्ता आणि वेळ एवढंच. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनने एक फुली मारून ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यात सभासद व्हायला येणारा कुठून आला ते कळतं. चित्रफितीला किती ‘लाइक’ आले, यावरून ते कळत नाही.

मंडळाने स्वतः काढलेली २० सेकंदांची आडवी फीत आयोजकांकडे ९ वाजायच्या आत पोचवावी. दुपारी पाठवलेली फीत कुणी उघडून बघत नाही.

उतरवताना आधी चाकं सोडायची, ताणाचे दोर शेवटी. फुलं ओल्या कचऱ्यात, फ्लेक्स आणि दोर सुक्यात. २०१७ पासून अनेक वर्षं स्वच्छतेत पहिल्या नंबरावर राहिलेल्या शहरात हे कुणी शिकवायला नको, पण महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या शेतात गाडी येत नाही, तेव्हा कचरा स्वतःच न्यावा लागतो. खड्डे बुजवताना मुरूम काढून घ्यावा आणि मूळची माती परत टाकावी. शेवटी दोरीला लोहचुंबक बांधून सगळं रान एकदा फिरावं. तारेचे तुकडे आणि खिळे तिथेच राहिले तर पुढच्या नांगरणीला ट्रॅक्टरचा टायर फुटतो, आणि मग पुढच्या वर्षी ते शेत मिळत नाही.